एमआरपी ठरलेली, मग नफा कुठून? खान्देशात व्हेंडिंग मशीन लावणाऱ्यांसाठी मालाचं आणि भावाचं गणित

व्हेंडिंग मशीनच्या धंद्याबद्दल मोबाइलवर दिसणारे बरेचसे व्हिडिओ अमेरिकेतले असतात. त्यातलं सूत्र सोपं असतं: एक डॉलरला घेतलेला माल दोन डॉलरला विका, लोक सोयीचे पैसे देतात. ते पाहून कुणी भुसावळला किंवा धुळ्याला मशीन लावायला निघालं, तर हिशेब पहिल्याच पायरीवर चुकतो. तिकडे पाकिटावर कमाल किंमत छापायची सक्ती नाही, म्हणून भाव विकणाऱ्याच्या हातात असतो. आपल्याकडे वैध मापन कायदा, २००९ आणि त्याखालचे आवेष्टित वस्तूंचे नियम, २०११ आहेत. पाकिटावर एमआरपी छापलेली असते, सगळे कर तिच्यातच धरलेले असतात, आणि त्यावर एक रुपयाही घेता येत नाही. ‘कूलिंग चार्ज’ नाही, ‘मशीन चार्ज’ नाही. हॉटेलात पाण्याची बाटली एमआरपीपेक्षा महाग मिळते, मग मशीनला का नाही, असं काही जण विचारतात. सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये हॉटेल-रेस्टॉरंटना ती मुभा दिली, कारण तिथे बसायला टेबल, वाढायला माणूस अशी सेवा बाटलीला जोडलेली असते. मशीन फक्त वस्तू खाली टाकतं. २०१८ पासून तर त्याच वस्तूवर मॉलसाठी वेगळी आणि किराणा दुकानासाठी वेगळी एमआरपी छापणंही बंद झालं. गिऱ्हाईक १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करू शकतं, आणि पावती यूपीआयमध्ये त्याच्या मोबाइलवरच असते.

म्हणजे विक्रीची किंमत जवळजवळ ठरलेली आहे. तुमच्या हातात उरतं ते एवढंच: कोणता माल, किती रुपयांना घेतलेला, कोणत्या जागी, कोणत्या महिन्यात. आपल्याकडे या धंद्यात भाव ठरवायचा म्हणजे माल निवडायचा. मशीन विकणारे ही गोष्ट सांगत नाहीत, कारण त्यांचं काम मशीन विकल्यावर संपतं. पुढे तीन-चार वर्षं हप्ते भरणारा माणूस मात्र आपलाच असतो, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो.

आधी खर्च पाहू. आकडे समजायला धरलेले आहेत, तुमचे वेगळे असतील. समजा मशीन १,८०,००० रुपयांचं आहे आणि ते पाच वर्षं चालेल असं धरलं. महिन्याला ३,००० रुपये मशीनचेच झाले. जागेचे २,०००, विजेचे १,५००, सॉफ्टवेअर आणि सिमचे ५००, माल भरायला जाण्या-येण्याचं पेट्रोल १,०००. एकूण ८,०००. कंपनीच्या आवारात महिन्याला २६ दिवस धरले, तर रोज साधारण ३०८ रुपये मशीनने नुसत्या उभं राहण्यासाठी कमवायला हवेत.

आता एका वस्तूमागे सरासरी ३ रुपये सुटत असतील, तर रोज १०३ वस्तू विकल्या गेल्या पाहिजेत. ६ रुपये सुटत असतील, तर ५२ पुरतात. मशीन तेच, जागा तीच. रोज १०३ वस्तू उठतील अशी जागा आपल्या भागात फार थोड्या ठिकाणी सापडेल, ५२ ची बऱ्याच ठिकाणी सापडेल. धंदा तरतो की बुडतो, ते या दोन आकड्यांच्या मधल्या अंतरात ठरतं.

पण एका वस्तूमागचा नफा ही अर्धीच गोष्ट. मशीनमध्ये स्लॉट मोजके असतात, समजा चाळीस. स्प्रिंगसारखी गुंडाळी फिरते, एक वस्तू पुढे सरकते आणि खाली पडते, तो एक स्लॉट. त्या प्रत्येकाला रोज आपलं भाडं कमवायचं आहे. म्हणून टक्केवारीपेक्षा ‘एका स्लॉटला रोज किती रुपये सुटले’ हे पाहा. ग्लुकोज बिस्किटाचा ५ रुपयांचा पुडा ४ रुपये ४० पैशांना पडतो असं धरा. साठ पैसे सुटले. रोज पंधरा गेले, तर ९ रुपये. पन्नासचं चॉकलेट ४२ ला पडलं, तर एकामागे ८ रुपये, ऐकायला छान. पण ते दोन दिवसांत एकच जात असेल, तर स्लॉटला रोजचे ४ रुपये. २० रुपयांची पाण्याची बाटली १२ ला मिळाली आणि उन्हाळ्यात रोज सहा गेल्या, तर ४८ रुपये. चॉकलेट आणि पाणी दोन्हींत ८ रुपयेच सुटतात, फरक बारापट आहे. वहीत प्रत्येक स्लॉटसमोर हा एक आकडा लिहायला लागा, निम्मे निर्णय आपोआप होतील.

बिस्किटाच्या ९ रुपयांत आणखी एक खर्च दडलेला आहे. पंधरा पुडे रोज जात असतील तर तो स्लॉट रोज रिकामा होतो, म्हणजे रोज फेरी. ५ रुपयांची वस्तू उचलून, आणून, रांगेत लावायला जेवढे कष्ट, तेवढेच ३० रुपयांच्या वस्तूला. म्हणून मशीनमध्ये ५ रुपयांचा माल परवडत नाही. १० रुपयांच्या मालाबद्दल माझं मत वेगळं आहे. हिशेब सांगतो की तोही काढून टाका, पण एक ट्रे (स्लॉटची एक आडवी रांग) तरी त्याचा ठेवा. एमआयडीसीत ठेकेदाराकडे रोजावर काम करणारा माणूस मशीनपुढे उभा राहतो, आपल्या खिशात बसेल असं काही दिसलं नाही तर परत फिरतो आणि पुन्हा येत नाही. दहाची वस्तू घ्यायची सवय लागलेला माणूस पगाराच्या दिवशी तीसचीही घेतो. बाकीचे ट्रे २० ते ४० च्या मालाचे असावेत.

जीएसटीचाही या निवडीशी थेट संबंध आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून दर बदलले. नमकीन, वेफर्स, बिस्किटं, चॉकलेट, पाण्याची बाटली हे सगळं ५ टक्क्यांत आलं आणि गॅसवाली थंड पेयं ४० टक्क्यांत गेली. तुमची जीएसटी नोंदणी नसेल (फक्त माल विकणाऱ्याला आपल्या राज्यात वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत ती सहसा लागत नाही), तर एजन्सीच्या बिलातली करासकट रक्कम ही तुमची खरेदी आणि एमआरपी ही तुमची विक्री. वजाबाकी केली की झालं. नोंदणी असेल तर मात्र डोळ्यांना दिसणारा नफा खरा नसतो. १६ रुपये ५० पैशांना घेतलेली २० रुपयांची दोन पाकिटं घ्या, एक शेवेचं आणि एक कोल्ड्रिंकचं. दोन्हींत साडेतीन रुपये दिसतात. कर बाजूला काढल्यावर शेवेत ३ रुपये ३३ पैसे उरतात, कोल्ड्रिंकात अडीच रुपये. कोल्ड्रिंकशिवाय मशीन ओकंबोकं दिसतं हे खरं, पण दोन ट्रे भरून तेच लावायचं कारण नाही.

किमती बदलल्या की एक अडचण हमखास येते. एजन्सीकडून नवा माल येतो, त्याची एमआरपी जुन्यापेक्षा वेगळी असते, आणि दोन्ही एकाच गुंडाळीत लागतात. मशीनमध्ये भाव स्लॉटला लावलेला असतो, पाकिटाला नाही. स्लॉटला २२ लावले आणि आतून २० छापलेलं जुनं पाकीट पडलं, तर तुम्ही एमआरपीपेक्षा जास्त घेतलेत, हेतू असो वा नसो. जुना माल संपेपर्यंत नवा वेगळ्या स्लॉटला लावा, किंवा तोपर्यंत कमी भाव ठेवा. सुट्ट्या पैशांची भीती मात्र धरू नका. जीएसटी उतरल्यावर रेल्वेने रेल नीरची लिटरची बाटली १५ वरून १४ रुपयांना केली. नाण्यांच्या जमान्यात असा आकडा मशीनला त्रासाचा ठरला असता, क्यूआर कोडला काहीच फरक पडत नाही.

आता आपल्या भागाचा मोठा फायदा. कंपनीच्या मालात एजन्सी देईल तेवढंच मार्जिन, घासाघीस करून रुपया-आठ आणे वाढतील. स्थानिक मालात तसं नाही. रावेर, यावल, फैजपूर, सावदा हा केळीचा पट्टा, जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. केळी वेफर्स करणारे छोटे कारखाने आणि महिला बचत गट इथे आहेत. त्यांच्याकडून थेट घेतलेलं २० रुपयांचं पाकीट १३-१४ ला पडलं, तर वर पाहिलेला ६ रुपयांचा आकडा एका झटक्यात गाठला जातो. शिवाय या मालाला गिऱ्हाईकही जास्त प्रकारचं आहे. साधे मीठ लावलेले, हळद-मसाला नसलेले केळी वेफर्स उपवासाला चालतात, आणि बटाटा न खाणाऱ्या जैन कुटुंबांनाही चालतात. श्रावणात, नवरात्रात, एकादशीला शेजारच्या स्लॉटला राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की आणि उपवासाचा चिवडा लावा. त्या दिवसांत मसाला वेफर्स घेणारा कमी होतो, हे कॅलेंडर पाहून आधीच कळतं.

स्थानिक माल घेताना तीन गोष्टी तपासाव्याच लागतात. पाकिटावर एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) क्रमांक, वजन, एमआरपी, पॅकिंगची तारीख, किती दिवसांत खावं ते, आणि बनवणाऱ्याचा पत्ता हवा. सुटे वेफर्स आणून घरी पिशव्या भरल्या तर तुम्ही विक्रेते राहत नाही, कायद्याने पॅकर होता, आणि त्याची वेगळी नोंदणी लागते. दुसरं, मोठ्या कंपन्या पाकिटात नायट्रोजन भरतात, हाताने सील केलेल्या पिशवीत साधी हवा असते. उन्हाळ्यात अशा पिशवीतले तळलेले वेफर्स लवकर खवट होतात. म्हणून हा माल थोडा थोडा आणि ताजा घ्या, महिनाभराचा साठा करू नका. तिसरं, पिशवी गुंडाळीत बसते का ते स्वतः पाहा. सैल, हलकी पिशवी पुढे सरकते आणि तिथेच लटकते. पैसे गेले, वस्तू आली नाही, असं एकदा झालं की तो माणूस चार जणांना सांगतो. बनवणाऱ्याला थोडी फुगीर, ताठ पिशवी मागा. बहुतेक जण आनंदाने देतात, कारण त्यांनाही नवं गिऱ्हाईक हवंच असतं. एक दुकान जे करू शकत नाही ते मशीन इथे करू शकतं: गावातल्या बायकांनी तळलेला माल रात्री दोन वाजता पाळीवरच्या कामगाराच्या हातात देऊ शकतं. मला या धंद्यात सगळ्यात जास्त आवडणारी गोष्ट हीच आहे.

ऊन हा खान्देशात मालाच्या निवडीतला दुसरा मालक. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. चॉकलेटमधलं कोको बटर ३२ ते ३५ अंशांना वितळतं. मशीन थंड असेल तरी एजन्सीपासून मशीनपर्यंत माल मोटारसायकलवर येतो, तेवढ्यात चॉकलेट बसतं आणि नंतर थंड झालं की पांढरट, वेडंवाकडं निघतं. एप्रिल ते जून चॉकलेट लावूच नका. ते स्लॉट पाणी, टेट्रापॅकमधलं ताक, लिंबू सरबत, आंब्याचं पेय यांना द्या. ‘भाऊ, थंडं पानी शे का?’ एवढाच प्रश्न त्या तीन महिन्यांत असतो. दूध संघाचं पिशवीतलं ताक स्वस्त आणि चवीला उत्तम, पण पिशवी गुंडाळीत फाटते आणि खाली पडताना फुटते, म्हणून टेट्रापॅक किंवा बाटलीच घ्या. ‘ओआरएस’ नाव लावून विकल्या जाणाऱ्या गोड पेयांवर एफएसएसएआयने ऑक्टोबर २०२५ मध्ये बंदी आणली. जुन्या साठ्यातली तशी पेयं कुणी स्वस्तात देऊ केली, तर घेऊ नका.

डिसेंबरमध्ये सगळं उलटतं. धुळ्यात थंडीत पारा दहाच्या खाली जातो, थंड पेयं तशीच पडून राहतात. तेव्हा खारी, टोस्ट, चिक्की, बिस्किटं, आणि हो, चॉकलेट परत.

मशीन पश्चिमेच्या भिंतीला लावू नका, दुपारनंतरच्या उन्हात कॉम्प्रेसर थांबतच नाही आणि वीजबिल वाढतं. जिनिंग किंवा दाळ मिलच्या आवारात असेल, तर मागच्या जाळीवर कापसाचं तूस आणि भुसा बसतो. ती जाळी दर आठवड्याला ब्रशने साफ करा. जाळी बुजली की आत गारवा राहत नाही, आणि कोमट पाण्याची बाटली दुसऱ्यांदा कुणी घेत नाही.

जागा बदलली की यादी बदलते. कारखान्यात पाळी सुटताना आणि रात्री खप असतो: पाणी, ताक, शेव, शेंगदाणे, बिस्किटं. विद्यापीठाच्या किंवा शिरपूरसारख्या कॉलेजांच्या गावातल्या वसतिगृहात मेस बंद झाल्यावरची भूक पकडायची असते, तिथे चाळीसची वस्तूही जाते. केक लावलात तर शाकाहाराचा हिरवा ठिपका पाहून घ्या. सरकारी किंवा मोठ्या खाजगी दवाखान्यात मला खाऊपेक्षा वेगळाच माल महत्त्वाचा वाटतो. नंदुरबार जिल्ह्यातल्या पाड्यांवरून धुळ्याला पेशंट घेऊन आलेलं माणूस घाईत निघालेलं असतं. टूथब्रश, साबणाची छोटी वडी, कंगवा, टॉवेल, सॅनिटरी पॅड, लहान मुलाचे डायपर, मोबाइलचा चार्जर, यातलं काहीच त्याच्याजवळ नसतं आणि रात्री मेडिकल सोडून सगळं बंद. या मालात मार्जिन चांगलं, तारखेची कटकट कमी, आणि घेणाऱ्याची खरी नड भागते. तिथे भाव एमआरपीपेक्षा थोडा खालीच ठेवावा असं मला वाटतं. सॅनिटरी पॅडवर २०१८ पासून जीएसटी नाही, तो फायदा तरी पुढे द्यावा.

शाळेचा विचार करत असाल तर आधी २०२० चे एफएसएसएआयचे नियम वाचा. जास्त साखर, मीठ किंवा चरबी असलेले पदार्थ शाळेत आणि फाटकापासून ५० मीटरपर्यंत विकता येत नाहीत. नेहमीचा मशीनचा माल बहुतेक सगळा यात येतो. गुटखा राज्यात २०१२ पासून बंद आहे, कितीही मागणी आली तरी. आणि मशीन कुठेही असो, खाण्याचा माल विकायला एफएसएसएआयची नोंदणी किंवा परवाना हवाच.

चहा-कॉफीचं मशीन वेगळं प्रकरण आहे. कपातला चहा पॅक केलेली वस्तू नाही, म्हणून एमआरपी नाही आणि भाव तुमचा. पण समोर दहा रुपयांत आल्याचा उकळलेला चहा देणारी टपरी असेल, तर पावडरच्या चहाने तिच्याशी भिडू नका. टपरी बंद असते त्या वेळी जिथे माणसं जागी असतात, तिथेच ते मशीन चालतं.

पहिले तीन-चार आठवडे यादीची परीक्षा घ्या. रोजची विक्री मोबाइलवर दिसते, पण ती वाचताना एक काळजी घ्या. एखाद्या स्लॉटची विक्री मंगळवारनंतर शून्य दिसत असेल, तर माल नापसंत होता की मंगळवारीच संपला होता, ते आधी पाहा. संपलेल्या मालाला ‘चालत नाही’ म्हणून काढून टाकणारे पुष्कळ आहेत. तो माल खरं तर दोन स्लॉटना लावायला हवा होता. जो स्लॉट भरलेला असूनही तीन आठवडे हलत नाही, तो मात्र बदला, तुम्हाला स्वतःला तो पदार्थ कितीही आवडत असला तरी. माल भरताना जुना पुढे ओढून नवा मागे लावा. एजन्सीवाला ‘बारा बॉक्सवर एक फ्री’ म्हणाला, तर आधी तारीख बघा आणि बारा बॉक्स तेवढ्या दिवसांत संपतील का ते मोजा. तेराव्या बॉक्सची बचत दोन बॉक्सच्या एक्स्पायरीत जाते.

जागेच्या मालकाशी बोलणी करतानाही हेच गणित हाताशी ठेवा. ‘विक्रीवर दहा टक्के द्या’ असं सहज म्हटलं जातं. २० रुपयांच्या पाकिटात तुम्हाला ३ रुपये सुटत असतील, तर त्यातले २ त्याला गेले, आणि वीज, पेट्रोल, मशीनचा हप्ता उरलेल्या एका रुपयात. एमआरपीच्या वर जाता येत नसल्यामुळे हे दोन रुपये गिऱ्हाइकाकडून काढायला वाट नाही. ठरावीक महिन्याचं भाडं मागा. टक्केवारीच हवी असेल तर खर्च वजा जाता उरलेल्या नफ्यावर ठरवा, आणि वीज कोणाच्या मीटरवर, किती युनिटपर्यंत, हे त्याच कागदावर लिहून घ्या.